आधी शिकला, मग प्रमुख झाला

वॉर्डात नवीन इन्चार्ज सिस्टर आली की ती कशी आहे, हे मामा-मावशींना पहिल्या दोन पाळ्यांतच कळतं. ड्रेसिंगची ट्रॉली स्वतः लावते की नुसती तपासते. रात्री पेशंट बिघडला तर खुर्चीतून हाका मारते की आधी खाटेपाशी पोचते. एवढ्यावर त्यांचं मत ठरतं आणि ते सहसा चुकत नाही. सोलापुरात माझी सगळी नोकरी नर्सिंगमध्ये गेली, शेवटची वर्षं इन्चार्ज म्हणून. आता नव्यानं चार्ज घेतलेल्या मुली घरी येतात, म्हणतात, "सिस्टर, माणसं ऐकतच नाहीत हो." त्यांना मी आपल्याच गावच्या एका डॉक्टरांची गोष्ट सांगते.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर भैय्या चौकात, आता तिथं स्मारक आहे. व्ही. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे कोटणीसांचा चीनमधला त्याग घराघरांत पोचला. पण डॉ. कोटणीस एक रुग्णालय चालवत होते, माणसांकडून काम करून घेत होते, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. जपाननं चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनानी झू द यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. आता हे नीट लक्षात घ्या : त्या पथकाचे प्रमुख डॉ. अटल होते. कोटणीस हे तिथले एक तरुण डॉक्टर, हाताखालचे. जानेवारी १९४१ मध्ये मात्र तेच बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. मधल्या दोन-सव्वादोन वर्षांत काय घडलं?

ते चिनी भाषा शिकले, बोलायला आणि लिहायलाही. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात आघाडीजवळ राहून त्यांनी जखमींवर उपचार केले. १९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितलं जातं. औषधं, साधनं सगळ्याचीच टंचाई. शिवाय तिथल्या वैद्यकीय विद्यालयात ते शिकवतही होते. खुर्ची मिळाली तेव्हा तिथल्या माणसांना हा डॉक्टर ठाऊक झाला होता.

भाषेचं महत्त्व सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. आमच्या वॉर्डात विडी वळणारी बाई तेलुगू बोलायची, अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नड, विजापूर वेशीतले चाचा दखनी. मला तेलुगू शिकवलं ते झाडूपोछा करणाऱ्या एका मावशींनी. "नोप्पी एक्कड?" म्हणजे कुठं दुखतंय, इथून सुरुवात झाली. पेशंटशी बोलता येऊ लागलं, हा फायदा झालाच. दुसरा फायदा त्याहून मोठा होता. इन्चार्ज आपल्यापाशी शिकायला बसते, हे पाहिल्यावर त्याच मावशी आपणहून येऊन सांगू लागल्या, "सिस्टर, सात नंबरची बाई गोळ्या गिळत नाही, उशीखाली ठेवते." ही बातमी कुठल्याही चार्टवर नव्हती. वरिष्ठाला अशी बातमी मिळत नसेल तर तो आंधळेपणानं वॉर्ड चालवतो, मग त्याचं शिक्षण कितीही असो. आणि ही बातमी दरडावून मिळत नाही.

शिकवण्याचंही तसंच. आपलं कसब हातचं राखणारे वरिष्ठ मी पुष्कळ पाहिले. आपल्यावाचून अडलं पाहिजे, ही त्यांची धडपड. पण अडतं ते पेशंटचं.

एका बाबतीत मात्र मी मुलींना निक्षून सांगते की कोटणीसांचं अनुकरण करू नका. अपस्माराचे झटके येत असतानाही ते कामाला जुंपलेले राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, गेले. घरी पत्नी क्वो छिंगलान आणि काही महिन्यांचा मुलगा होता. तो युद्धाचा काळ होता, तिथं पर्याय नव्हता. आज रजा न घेणाऱ्या इन्चार्जचं कौतुक होतं, ते मला पटत नाही. ती थकली की तिचा आवाज चढतो, ज्युनिअर विचारायला घाबरतात आणि औषधाच्या चुका तिथंच होतात. चार दिवस आपण नसताना वॉर्ड सुरळीत चालला, तर आपण माणसं तयार केली असं समजावं.

हे फक्त दवाखान्यापुरतं नाही. टॉवेलच्या कारखान्यात, बँकेत, शाळेत, जिथं कुणी नव्यानं चार्ज घेतला असेल त्यांना माझी विनंती आहे : पहिला महिना नवे नियम काढू नका. सगळ्यांत खालच्या पगाराच्या माणसाबरोबर एक पूर्ण पाळी काढा, त्याचं काम त्याच्याकडून शिका आणि ते स्वतःच्या हातानं करून बघा.