पाच रुपयांचा शेअर स्वस्त असतो का?



मध्यंतरी मुळशीकडच्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपता संपता एका काकूंनी विचारलं, "ताई, नातू म्हणतो पाच रुपयाला शेअर मिळतोय. पाच रुपयात हल्ली कपभर चहा येत नाही. घेऊन टाकू का?" सगळ्या हसल्या, मीपण हसले. पण मला शेवटची गाडी गाठायची होती, त्यामुळे काकूंना नीट उत्तर काही देता आलं नाही. ते आज देते.

आधी शेअर म्हणजे काय ते बघू. समजा कंपनी म्हणजे एक भाकरी. तिचे तुकडे करून लोकांना विकले. एक तुकडा म्हणजे एक शेअर. आता एका भाकरीचे चार तुकडे केले तर एक तुकडा मोठा, म्हणून महाग. त्याच भाकरीचे चाळीस तुकडे केले तर प्रत्येक तुकडा लहान, म्हणून कमी पैशाचा. पण भाकरी तेवढीच ना? तेव्हा तुकड्याची किंमत ऐकून भाकरी स्वस्त आहे की महाग, हे कळत नाही. किती तुकडे केलेत ते विचारावं लागतं. नातवाला नेमकं हेच कुणी सांगितलेलं नसतं.

खरं उदाहरण घेऊ. टायर बनवणारी एमआरएफ कंपनी तुम्हाला ट्रॅक्टरमुळे माहीत असेल. जून २०२३ मध्ये तिच्या एका शेअरचा भाव १ लाख रुपयांच्या वर गेला. एका शेअरला लाख रुपये! पण या कंपनीचे शेअर आहेत फक्त ४२ लाखांच्या आसपास. गुणाकार केला की सगळी कंपनी ४२ हजार कोटींची होते. आता आपल्या पुण्याची सुझलॉन घ्या, पवनचक्क्या बनवणारी. तिचा शेअर ६० रुपयांना होता तेव्हा लोक म्हणायचे, किती स्वस्त. पण तिचे शेअर आहेत १,३०० कोटींहून जास्त. म्हणजे साठ रुपयांच्या शेअरची कंपनी बाजारात जवळजवळ ८० हजार कोटींची धरली जात होती. लाखाच्या शेअरवाल्या कंपनीची किंमत १ लाख रुपये भावाला जेवढी होती, त्याच्या दुपटीच्या जवळ. मग यातली स्वस्त कुठली?

सुझलॉनचीच गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण पुण्यात तरी स्वस्त शेअरचं नाव काढलं की पहिलं हेच नाव निघतं. साताऱ्याकडच्या मैत्रिणींनी वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या बघितल्या असतील. तिथे या कंपनीच्या पुष्कळ आहेत. मुख्य कचेरी आमच्या हडपसरला. तुळशी तांती नावाच्या गृहस्थांचा गुजरातेत कापडाचा धंदा होता. विजेचा खर्च परवडेना म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या बसवल्या, आणि मग कापड बाजूला ठेवून १९९५ मध्ये पवनचक्क्यांचाच धंदा सुरू केला. धंदा खरा होता, कारखाने खरे होते. २००५ मध्ये शेअर बाजारात आला. जानेवारी २००८ मध्ये एका शेअरचा भाव साडेचारशे रुपयांच्या वर, ४६० च्या आसपास गेला.

त्यानंतर उतरण लागली. परदेशातली मोठी कंपनी विकत घेण्यासाठी कर्ज काढलेलं होतं, त्याच सुमाराला जगभर मंदी आली. २०१२ मध्ये परदेशी कर्जरोख्यांचे पैसे मुदतीत फेडता आले नाहीत. भाव घसरत घसरत मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन लागला तेव्हा, दोन रुपयांच्याही खाली गेला. पुढे बँकांनी कर्जाची नव्याने मांडणी केली, कंपनीने नवे शेअर विकून पैसा उभा केला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ८६ रुपयांना पोचला.

नातू जी गोष्ट सांगतो ती इथूनची असते. "दोन रुपयाला घेतला असता तर? दहा हजाराचे सव्वाचार लाख झाले असते!" हिशेब बरोबर आहे. ५,००० शेअर गुणिले ८६, झाले ४ लाख ३० हजार. पण मैत्रिणींनो, त्या मार्च महिन्यात कंपनी बुडणार की तगणार हे भल्याभल्यांना माहीत नव्हतं. आणि दोन रुपयांना घेऊन चार झाल्यावर कोण थांबलं असतं? मी तरी विकून मोकळी झाले असते.

दुसरी बाजू कुणी सांगत नाही. २००८ मध्ये ज्यांनी ४६० रुपयांनी २१ शेअर घेतले, त्यांचे गेले ९,६६० रुपये. भाव दोन रुपये झाला तेव्हा हातात उरले ४२. आणि सोळा वर्षं थांबून, भाव ८६ झाला त्या चांगल्या दिवशी, १,८०६ रुपये. तोवर त्या पैशाचं बँकेत व्याज किती झालं असतं ते सोडूनच द्या.

आता यातली गंमत बघा. २००८ मध्ये या कंपनीचे शेअर होते साधारण १५० कोटी. गुणिले ४६०, म्हणजे ६९ हजार कोटी. २०२४ मध्ये शेअर झाले १,३०० कोटींच्या वर, गुणिले ८६, म्हणजे १ लाख कोटींहून जास्त. म्हणजे बाजाराच्या हिशेबाने कंपनी आधीपेक्षा मोठी झाली, पण जुन्या शेअरवाल्याच्या २१ शेअरची किंमत पाचव्या हिश्शाच्याही खाली राहिली. असं कसं? तर अडचणीच्या काळात कंपनीने पैसा उभा करायला, कर्ज फेडायला नवे नवे तुकडे केले. भाकरी वाढली, पण वाटेकरी नऊपट झाले. यात कुणी चोरी केली नाही, हे कायद्यात बसणारं आहे. पण कंपनी सावरली म्हणजे आपले पैसे सावरले, असं होत नाही, एवढं त्यातून दिसतं. आणि सुझलॉन तर सावरली. सावरल्याच नाहीत अशा कंपन्यांची गोष्ट सांगायला कुणी बसत नाही.

पुण्याला हे वेड नवं नाही. १९८२ मध्ये पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार सुरू झाला. निवृत्त झालेले मास्तर, बँकेतले कारकून शेअरचे कागद पिशवीत घालून दलालाकडे जायचे. नव्वदीच्या दशकात किती तरी कंपन्या निघाल्या, लोकांकडून दहा दहा रुपयांनी पैसे घेतले आणि गडप झाल्या. ते रंगीत कागद आजही काही घरांच्या कपाटात असतील. नंतर सगळा व्यवहार कॉम्प्युटरवर, मुंबईच्या दोन मोठ्या बाजारांत गेला आणि २०१५ मध्ये पुण्याचा बाजार बंद झाला. पण दलालाकडे जायला निदान चपला घालाव्या लागत. आता मोबाइलवर अंगठ्याने होतं. मार्च २०२० मध्ये देशात साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२४ मध्ये ती १५ कोटींच्या वर गेली. डिमॅट खातं म्हणजे शेअर ठेवायचं खातं, जसं पैशांसाठी बँकेचं. या नव्या खात्यांत आपल्या घरातली पोरं आहेत. आणि दहा-वीस हजारच हातात असले की लाखाचा शेअर परवडत नाही, म्हणून नजर पाच रुपयांवर जाते.

आता आमच्याच वस्तीतली गोष्ट. नाव सांगत नाही, त्यांना विचारून सांगतेय. एक ताई आमच्या गटात आहेत, चार घरी स्वयंपाक करतात. मुलगा पार्सल पोचवायचं काम करतो. त्याला मोबाइलवरच्या एका ग्रुपमधून टीप आली, अमुक कंपनी, चार रुपये भाव, लवकरच चाळीस होणार. ताईंनी गटातून १८ हजारांचं कर्ज घेतलं. कारण लिहिलं, आजारपण. ४,५०० शेअर घेतले. दुसऱ्या दिवसापासून भाव रोज पाच टक्के वाढायला लागला. सोळा दिवसांत चाराचे पावणेनऊ झाले. मोबाइलवर ३९ हजार दिसायला लागले. ताई म्हणाल्या, "विकून टाक." मुलगा म्हणाला, "आई, थांब."

सतराव्या दिवशी भाव पाच टक्के पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. मुलाने घाबरून विकायला लावले, पण विकलेच जाईनात. इथे सर्किट नावाचा प्रकार समजून घ्या. लहान कंपन्यांच्या शेअरला बाजार रोजची मर्यादा घालून देतो, कधी पाच टक्के, कधी दोन, कधी वीसही. भाव एका दिवसात त्याच्या वर किंवा खाली जाऊ शकत नाही. चढताना सगळ्यांना घ्यायचं असतं, विकणारा नसतो. पडताना सगळ्यांना विकायचं असतं, घेणारा नसतो. मंडईत मेथीची जुडी सडत आली आणि गिऱ्हाईकच फिरकलं नाही तर तुम्ही भाव पाडून तरी मोकळ्या होता. इथे आजच्या मर्यादेच्या खाली भाव पाडताही येत नाही. मोबाइलवर तीस हजार दिसतात, मग पंचवीस, मग वीस, आणि हातात एक रुपया येत नाही. दोन महिन्यांनी ताईंचे शेअर १ रुपया १० पैशांनी गेले. ४,९५० रुपये आले. गटाचं कर्ज १८ हजार, वर व्याज.

सोळा दिवस भाव चढवला कुणी? गुरांच्या बाजारात बघितलं असेल, हेड्याचेच दोन-तीन साथीदार गिऱ्हाईक बनून येतात, बैलाला चढी बोली लावतात. बाहेरून आलेला शेतकरी बघतो आणि घाईने त्याहून जास्त देतो. इथेही तसंच. कंपनी लहान, रोज शेअर विकले जातात थोडे. चार-पाच जण आपापसात घ्यायला-विकायला लागले की भाव चढतो. मग टीप सोडायची. तुम्ही घ्यायला आलात की त्यांनी आपला माल तुमच्या गळ्यात घालून निघून जायचं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था म्हणजे सेबी. साधना ब्रॉडकास्ट नावाच्या कंपनीच्या प्रकरणात मार्च २०२३ मध्ये सेबीने आदेश काढला. २०२२ च्या जुलैमध्ये यूट्यूबवर व्हिडिओ टाकले होते की ही कंपनी अदानी समूह विकत घेणार आहे, मोठं कंत्राट मिळणार आहे. सगळं खोटं. व्हिडिओ खूप लोकांनी बघावेत म्हणून पैसे भरून जाहिरातीसुद्धा केल्या होत्या. छोट्या शेअरधारकांची संख्या दोन हजारांच्या थोडी वर होती, ती ५५ हजारांवर गेली. हे नवे लोक घेत होते तेव्हा आतले लोक विकत होते. मे २०२५ मध्ये अंतिम आदेश आला, कित्येकांना बाजारात व्यवहार करायला बंदी झाली, कोट्यवधींचा नफा परत भरायला सांगितला. पण व्हिडिओ आले २०२२ ला आणि अंतिम आदेश २०२५ ला, हे लक्षात घ्या.

माझा शेअर बाजाराला विरोध नाही. पण मुलाने पाच रुपयांचा शेअर दाखवला तर त्याला ओरडू नका, शेजारी बसवून विचारा. कंपनी काय बनवते? कुठे बनवते? एकूण शेअर किती? काल एका दिवसात किती विकले गेले? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण आपल्याला विकायची वेळ येईल तेव्हा घेणारे असतील का ते त्यावरून कळतं. ही माहिती मुंबईच्या दोन्ही बाजारांच्या वेबसाइटवर फुकट मिळते. भाव असा अचानक उसळणाऱ्या शेअरना बाजार देखरेखीच्या यादीत घालतो, ती यादीही तिथेच असते. टीप देणाऱ्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या वेबसाइटवर ताडून बघा. आणि मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून शेअरचं अ‍ॅप कधी घेऊ नका. त्यात बऱ्याचदा शेअरच नसतात, नुसते आकडे वाढताना दिसतात. खरे शेअर घेतले असतील तर ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोनपैकी एका संस्थेकडे आपल्या नावावर दिसतात. ते तिथे दिसले नाहीत तर काहीतरी गडबड आहे. अशा अ‍ॅपमध्ये पैसे गेले तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, १९३० ला फोन करा. शेअर दलालाबद्दल तक्रार असेल तर सेबीचा फुकट नंबर आहे, १८०० २२ ७५७५.

आमच्या गटात मात्र त्या प्रकरणावरून मोठं भांडण झालं. काही जणी म्हणाल्या, आजारपण खोटं लिहिलं, त्यांना काढा. काही म्हणाल्या, लेकरासाठी केलं. तीन बैठका त्यातच गेल्या. शेवटी ताईंना ठेवलं, हप्ता महिना हजारावर आणला, आणि शेअरसाठी गटाचं कर्ज द्यायचं नाही असं वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पहिली सही ताईंनीच केली. तुमच्या गटात असा प्रसंग आला असेल तर तुम्ही काय ठरवलंत ते कळवा, पुढच्या भाषणात सांगेन. मुळशीच्या काकू, तुम्ही ऐकत असाल तर नातवाला सोबत घेऊन पुढच्या बैठकीला या. त्याला म्हणावं मोबाइल चार्ज करून आण, आपण सगळ्या मिळून त्या कंपनीचे तुकडे मोजू.