ते बटण नेमकं काय बंद करतं?

देवळाली कॅम्पमधून भगूरमार्गे पांढुर्लीला पोचलं की रस्ते फुटतात. उजवीकडे घोटी-इगतपुरी, डावीकडे सिन्नर. पावसाळ्यात उजवीकडच्या रस्त्यावर धो धो पाऊस असतो. डावीकडे सिन्नर पर्जन्यछायेत, तिथे त्याच वेळी डांबर कोरडं असू शकतं. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात टायरची पकड पार बदलते. मुंबईहून शनिवार-रविवारी देवळालीच्या बंगल्यांवर येणाऱ्या ताकदवान गाड्यांना कसारा घाटापासून हा फरक सोसावा लागतो. या गाड्यांमध्ये मागच्या चाकांना जोर देणाऱ्या, मोठ्या इंजिनाच्या स्पोर्ट्स कारही असतात. त्यांच्या डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेलं एक बटण असतं. ते ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोलचं बटण. त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत आणि त्यांतले काही जिवावर बेतू शकतात.

गैरसमज १ : ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल एकच.

वस्तुस्थिती : कामं वेगळी आहेत. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा जोर मिळणारं चाक जागच्या जागी फिरू लागलं, की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कमी करतं किंवा त्या चाकाला ब्रेक लावतं. स्टॅबिलिटी कंट्रोल गाडीची दिशा सांभाळतं. स्टिअरिंग किती वळवलंय, चारही चाकं किती वेगानं फिरताहेत आणि गाडी स्वतःभोवती प्रत्यक्षात किती वळतेय, हे सेन्सर सतत मोजत राहतात. तुम्हाला जायचंय ती दिशा आणि गाडी जातेय ती दिशा यांत तफावत पडली, की यंत्रणा एकाच चाकाला ब्रेक लावते. गाडी वळायला तयार नसेल आणि सरळच घसरत असेल, तर साधारणपणे वळणाच्या आतल्या बाजूचं मागचं चाक धरलं जातं. मागची बाजू सुटत असेल, तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक.

या यंत्रणा एकीवर एक रचल्या गेल्या. बॉश कंपनीनं १९७८ मध्ये ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस बाजारात आणलं, ट्रॅक्शन कंट्रोल १९८० च्या दशकात आलं आणि १९९५ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल बसलं. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका वाहन मासिकाच्या चाचणीत अचानक वळण घेताना मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीनं त्या गाडीत ही यंत्रणा सरसकट दिली आणि श्रीमंतांच्या गाड्यांपुरती असलेली सोय सामान्य गाड्यांकडे वळली.

गैरसमज २ : हात चांगला असेल तर याची गरज नाही.

वस्तुस्थिती : ड्रायव्हर कितीही तरबेज असला, तरी त्याच्या पायाखाली ब्रेकचं एकच पेडल असतं. चारांपैकी नेमकं एकच चाक धरणं माणसाला शक्यच नाही, यंत्रणा ते क्षणार्धात करते. फॉर्म्युला वनमध्ये २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आहे, हे खरं. पण ती मदत फार मोलाची होती आणि शर्यतीत कौशल्याचा कस लागावा, म्हणून ती बंदी आहे. घाटात कुणाच्याही कौशल्याची परीक्षा चाललेली नसते. एकट्या गाडीचा ताबा सुटून होणाऱ्या जीवघेण्या अपघातांचा धोका स्टॅबिलिटी कंट्रोलमुळे सुमारे निम्म्यानं घटतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं. तिथे २०१२ च्या मॉडेलपासून ती सक्तीची झाली, युरोपात २०१४ पासून सर्व नव्या गाड्यांना. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या, गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा अधिक तारे हवे असतील, तर ती लागतेच.

गैरसमज ३ : कंट्रोल चालू आहे, म्हणजे गाडी घसरणार नाही.

वस्तुस्थिती : पकड टायर आणि रस्ता यांच्यात असते. यंत्रणा आहे ती पकड नीट वाटून वापरते, नवी निर्माण करत नाही. हिशेब करून पाहा. वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे आणि रस्ता सपाट आहे असं धरू. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ असेल, तर ते वळण जास्तीत जास्त ताशी ७० किलोमीटरच्या आसपास घेता येईल. पाण्यानं किंवा चिखलानं तो ०.४ वर आला, तर मर्यादा ५० वर उतरते. तिथे ७० नं शिरणाऱ्याला कुठलंही सेटिंग वाचवू शकत नाही.

साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागला, तर ब्रेक लावून उपयोग होईल अशी पकडच उरत नाही. म्हणून टायरच्या नक्षीची खोली बघा. कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर पुरते, पण इगतपुरीच्या पावसाला त्याहून बरीच जास्त हवी. फोर-व्हील ड्राइव्हबद्दलही असाच गैरसमज आहे. तिच्यानं गाडी जागेवरून निघते चांगली. थांबताना आणि वळताना मात्र बाकीच्या गाड्यांसारखेच चार टायर कामाला असतात.

गैरसमज ४ : स्पोर्ट मोड लावला की कंट्रोल बंद होतं.

वस्तुस्थिती : बहुतेक गाड्यांत स्पोर्ट मोडनं आधी अ‍ॅक्सिलरेटर तिखट होतो, गिअर उशिरा बदलतात, स्टिअरिंग जड होतं. काही गाड्यांत मात्र त्याबरोबर कंट्रोलही सैल होतं, म्हणजे गाडी थोडी घसरू देऊन मगच यंत्रणा मध्ये पडते. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलमध्ये बटण क्षणभर दाबलं तर ही मधली पायरी लागते आणि काही सेकंद दाबून धरलं तर स्टॅबिलिटी कंट्रोल बंद होतं. फेरारीच्या स्टिअरिंगवरच्या छोट्या खटक्यावर ओल्या रस्त्यापासून सगळं बंद करण्यापर्यंत वेगवेगळ्या पायऱ्या असतात. एका गाडीची सवय दुसरीत चालत नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतलं ते प्रकरण गाडी हातात आल्याच दिवशी वाचा.

गैरसमज ५ : डॅशबोर्डवरचा घसरत्या गाडीचा दिवा लुकलुकला, म्हणजे बिघाड.

वस्तुस्थिती : चालताना दिवा लुकलुकतो तेव्हा यंत्रणा काम करत असते. तुम्ही पकडीच्या काठावर आहात, वेग उतरवा, एवढाच त्याचा अर्थ. दिवा सलग पेटून राहिला, तर एक तर बटण दाबलं गेलंय किंवा खरंच बिघाड आहे. चाकाच्या वेगाचा सेन्सर खराब झाला की असं होतं. कंपनीनं सांगितलेल्या मापाऐवजी भलत्याच मापाचे टायर घातले, तर चाकांचे वेग जुळत नाहीत आणि यंत्रणेची फसगत होऊ शकते.

गैरसमज ६ : कंट्रोल कधीच बंद करायचं नाही.

वस्तुस्थिती : एक वेळ अशी येते, की बंद करणंच शहाणपणाचं. रस्त्याकडेच्या काळ्या मातीत चाक रुतलं, की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कापत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. तेव्हा फक्त ट्रॅक्शन बंद करा, हलक्या पायानं गाडी बाहेर काढा आणि डांबरावर आल्याबरोबर पुन्हा चालू करा. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून चालू केलं की ते आपोआप लागतं. बटणाचं काहीही केलं तरी एबीएस चालूच राहतं.

मग कुठे काय ठेवायचं?

कसारा घाट, घोटीचा रस्ता, देवळालीचा लॅम रोड : सगळं चालू, मोड साधा. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ताशी १२० आहे, पण तिथेही इगतपुरीच्या बाजूला पाऊस असतो. म्हणून तिथेही कंट्रोल चालूच. गाडीची मागची बाजू सुटल्यावर ती कशी सावरायची, हे शिकायची इच्छा असेल तर ती चांगलीच इच्छा आहे. त्यासाठी कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या बंदिस्त ट्रॅकवर प्रशिक्षक शेजारी बसवून, आधी सैल आणि मग बंद, अशा क्रमानं जा.

कंट्रोल बंद केल्यानं गाडीची ताकद वाढत नाही की टायरची पकडही वाढत नाही. बंद होते ती फक्त चूक सावरून घेणारी मदत. समोरून एसटी येतेय, कडेनं शेतकरी चाललाय, वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, अशा रस्त्यावर त्या चुकीची किंमत एकटा ड्रायव्हर मोजत नाही. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर त्या बटणाला हात लावायचा तो गाडी रुतली असेल तेव्हाच.