औषधाविना उतार? स्किझोफ्रेनिया आणि प्लासिबो

■ प्लासिबो म्हणजे : दिसायला औषधासारखीच, पण औषधी घटक नसलेली गोळी. औषधाच्या चाचणीत काही रुग्णांना औषध, तर काहींना ही गोळी देतात. कोणाला काय मिळाले, हे चाचणी संपेपर्यंत रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसते.

■ मोजमाप : ‘पॅन्स’ ही १९८७ची मोजपट्टी. ३० लक्षणांना प्रत्येकी १ ते ७ गुण. गुण जितके जास्त, तितका आजार तीव्र.

■ फरक किती? : २०१७मध्ये १६७ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातील २८,१०२ रुग्णांपैकी बहुतेक जण दीर्घकाळ आजारी होते. किमान सुधारणा औषधाने ५१ टक्के, तर प्लासिबोने ३० टक्के रुग्णांत दिसली. चांगली सुधारणा अनुक्रमे २३ आणि १४ टक्क्यांत.

■ बरे का वाटते? : आजाराचा भर आपोआप ओसरणे, रुग्णालयातली देखरेख, नियमित विचारपूस, बरे होण्याची आशा. शिवाय रुग्ण चाचणीत बसावा म्हणून सुरुवातीचे गुण कधी चढे लावले जातात. पुढे ते उतरले की सुधारणा भासते.

■ औषध थांबवावे का? : नाही. २०१२च्या विश्लेषणानुसार, आजार आटोक्यात आल्यावर औषधाऐवजी प्लासिबो घेणाऱ्या ६४ टक्के रुग्णांत तो साधारण वर्षभरात उलटला. औषध चालू ठेवणाऱ्यांत २७ टक्के.