पोलिश शिकताना ड्रिल कुठले करायचे?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवते आणि कुठल्या भाषेला किती वेळ लागतो याचा हिशेबही ठेवते. त्या हिशेबात पोलिश अवघड गटात मोडते: 44 आठवडे, वर्गातले सुमारे 1100 तास. (हिंदीही त्याच गटात आहे, तेव्हा हा अवघडपणा कुणाच्या नजरेतून मोजलेला आहे ते विसरू नये.) घरी रोज एक तास बसणाऱ्याला एवढे तास भरायला तीन वर्षे लागतील, आणि चूक दाखवायला शेजारी कुणी नसेल. इथून पोलंडमधल्या क्राकूफ किंवा व्रोत्सवाफला नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्यांचे ऑफिसात किंवा विद्यापीठात इंग्रजीवर निभते, पण पुढे तिथले नागरिकत्व हवे असेल तर सर्वसाधारणपणे पोलिशच्या बी-1 पातळीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. अशा माणसाने आपापले शिकायचे ठरवले की संवादांची रंगीत पुस्तके, मोबाइलमधली अ‍ॅप्स आणि एकेक वाक्यरचना शंभर वेळा घोटून घेणारे जुन्या वळणाचे ड्रिल-अभ्यासक्रम असा पसारा समोर येतो. त्यातला शेवटचा प्रकार आज जुनाट ठरवला जातो. माझ्या मते पोलिशसाठी तो टाळू नये. मात्र अभ्यासक्रमात ड्रिल्स किती आहेत यापेक्षा उत्तर देणाऱ्याला त्या विचार करायला लावतात का, हे पाहून तो निवडावा.

या पद्धतीला वाईट नाव पडले त्याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला परभाषा बोलणारी माणसे घाईने हवी होती. 1943 मध्ये सुरू झालेल्या लष्करी प्रशिक्षणात भाषाशास्त्रज्ञांनी वाक्यांचे साचे ऐकवून ते पाठ करून घेण्यावर भर दिला, आणि युद्धानंतर हीच रीत विद्यापीठांच्या भाषा-प्रयोगशाळांत शिरली. तिला मानसशास्त्राचा आधार मिळाला तो वर्तनवादाचा: भाषा म्हणजे सवय आणि सवय लागते पुनरावृत्तीने. 1957 मध्ये स्किनर यांनी ही मांडणी पुस्तकरूपाने केली आणि 1959 मध्ये नोम चॉम्स्की यांनी तिचे परीक्षण लिहून पार चिंधड्या उडवल्या. माणूस कधी न ऐकलेली वाक्ये सहज बोलतो, ती सवयीतून येणार कशी, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. पण पायाखालचा सिद्धांत चुकला म्हणून त्यावर उभी असलेली प्रत्येक कृती निकामी ठरत नाही. ड्रिलचा उपयोग होतो की नाही हे वर्तनवाद खरा की खोटा यावर अवलंबून नाही. ते स्वतंत्रपणे तपासावे लागते.

ही तपासणी करताना एक भेद मोलाचा ठरतो. क्रिस्टिना ब्रॅट पॉलस्टन यांनी 1970 च्या सुमारास ड्रिल्सचे तीन वर्ग पाडले: निव्वळ यांत्रिक, अर्थ कळल्याशिवाय न जमणारे आणि खरोखर काही सांगायला लावणारे. पोलिशमध्ये हा फरक लगेच दिसतो. ‘माम क्शॉन्श्के’ म्हणजे माझ्याकडे पुस्तक आहे. ध्वनिफितीवर एकामागून एक नामे येतात, क्शॉन्श्का, गाझेता, लाम्पा, आणि आपण शेवटच्या ‘आ’चा ‘ए’ करत जातो: क्शॉन्श्के, गाझेते, लाम्पे. तिथे ‘बुल्तापा’ असा कुठल्याच भाषेत नसलेला शब्द घातला तरी उत्तर बिनचूक ‘बुल्तापे’ येईल. म्हणजे जीभ कामाला लागली, डोके घरीच राहिले. आता तेच नाम कायम ठेवून क्रियापदे बदलत जाऊ. ‘चीताम’ (वाचतो) आले तर क्शॉन्श्के, ‘शुकाम’ (शोधतो) आले तर क्शॉन्श्की, ‘मिश्ले ओ’ (विचार करतो) आले तर क्शॉन्श्त्से, आणि ‘न्ये माम’ (नाही माझ्याकडे) आले की पुन्हा क्शॉन्श्की. इथे प्रत्येक वेळी काय म्हटले गेले ते कळावे लागते आणि सात विभक्तींतली एक निवडावी लागते. दुकानात अभ्यासक्रम चाळताना ही बिनअर्थाच्या शब्दाची कसोटी दोन मिनिटांत लावता येते. निरर्थक शब्द घालूनही पानभर उत्तरे देता येत असतील, तर ते पान उच्चाराला उपयोगी, व्याकरणाला फारसे नाही.

पण मुळात ड्रिल हवेच कशाला, भरपूर ऐकले-वाचले की भाषा आपोआप मुरत नाही का, असा आक्षेप आहे आणि तो घेणारे लोक साधे नाहीत. विन वाँग आणि बिल व्हॅनपॅटन यांनी 2003 मध्ये ड्रिल्सचे दिवस संपले असे ठणकावून लिहिले. त्यांचा मुद्दा असा की भाषा डोक्यात शिरते ती अर्थ समजून घेताना, साचे उच्चारून नव्हे. गंमत म्हणजे पोलिशपुरते त्यांच्या मताविरुद्ध जाणारे कारण व्हॅनपॅटन यांच्याच संशोधनात सापडते. नवशिका माणूस वाक्यातले अर्थवाही शब्द पकडतो आणि ज्यांच्यावाचून अर्थ अडत नाही असे प्रत्यय सोडून देतो, हे त्यांनीच दाखवले. ‘न्ये माम क्शॉन्श्की’ या वाक्यात ‘न्ये’ ऐकताच नकार कळला, मग शेवटची ‘की’ कशाला ऐकायची? पोलिशमध्ये बलाघात बहुधा उपान्त्य अक्षरावर असतो, म्हणून हे शेवटचे अक्षर आधीच दबलेले असते. त्यात मराठी माणसासाठी एक खास खड्डा आहे. विभक्ती आणि तीन लिंगे आपल्याला नवीन नाहीत, प्रत्ययापूर्वी नामाचे रूप पालटते हेही ‘घोडा-घोड्याला’मुळे अंगवळणी पडलेले असते. पण ‘पुस्तक आहे’चे ‘पुस्तक नाही’ करताना आपण पुस्तकाला हात लावत नाही. पोलिशमध्ये लावावा लागतो. हजारदा ऐकूनही हा बदल कानाआड जाऊ शकतो, कारण तो न टिपल्याने समजण्यात काही बिघडत नाही. वाँग-व्हॅनपॅटन यांच्या लेखाला 2004 मध्ये बेटी लू लीव्हर, बेंजामिन रिफ्किन आणि बोरिस शेख्टमन यांनी उत्तर दिले तेही याच अंगाने: स्पॅनिश-फ्रेंचच्या वर्गांवरून काढलेले निष्कर्ष रशियनसारख्या रूपबहुल भाषेला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पोलिश रशियनची सख्खी नसली तरी चुलत बहीण आहेच.

शिवाय समजणे आणि बोलणे ही कौशल्ये एकमेकांना आपोआप पोसत नाहीत. रॉबर्ट डीकायझर यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एक छोटी कृत्रिम भाषा शिकवली आणि काही नियम फक्त समजण्याच्या, तर काही फक्त बोलण्याच्या बाजूने अनेक आठवडे घोटून घेतले. ज्या बाजूने सराव झाला त्या बाजूने वेग आणि अचूकता वाढली, दुसऱ्या बाजूला त्याचा फायदा फारच कमी झिरपला. म्हणूनच फक्त वाचून-ऐकून शिकलेला माणूस तिकीट खिडकीवर अडखळतो.

ती खिडकी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. दोन तिकिटे म्हणजे ‘द्वा बिलेती’. तीन आणि चारलाही बिलेती. पाच झाली की ‘प्येंच बिलेतुफ’, कारण पाचपासून पुढे नाम षष्ठीच्या अनेकवचनात जाते. बारा तिकिटे बिलेतुफ, पण बावीस तिकिटे पुन्हा बिलेती. नियम एकदा वाचून कुणालाही कळतो, आणि मागे रांग उभी असताना कुणालाच आठवत नाही. कळलेला नियम आणि अर्ध्या सेकंदात तोंडी येणारे रूप यांच्यामधले अंतर कापायला ड्रिल लागते. पण बहुतेक पुस्तके या धड्यात आधी दोन-तीन-चारची दहा वाक्ये देतात आणि मग पाच-सहा-सातची दहा. पहिल्या दहांत कुठले रूप येणार हे मथळ्यावरूनच ठाऊक असते. जपानी संशोधक तात्सुया नाकाता आणि युइची सुझुकी यांनी 2019 मध्ये इंग्रजी व्याकरणाबाबत असा गटवार सराव आणि सगळी रूपे मिसळून केलेला सराव यांची तुलना केली. सरमिसळ सराव करणाऱ्यांच्या सरावादरम्यान चुका जास्त झाल्या, पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत तेच पुढे गेले. म्हणून ज्या अभ्यासक्रमात मागच्या धड्यांतली रूपे पुढच्या धड्यांत मिसळून विचारली जातात तो घ्यावा. हाती असलेला तसा नसेल, तर तीन धड्यांतली वाक्ये कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून स्वतः पिसून घ्यावीत. येल विद्यापीठाचे अलेक्झांडर शेंकर यांच्या 1966 मधल्या ‘बिगिनिंग पोलिश’ या दोन खंडी पाठ्यपुस्तकाचा दुसरा खंड मुख्यतः ड्रिल्सचा आहे. त्यातली भाषा साठ वर्षांपूर्वीची, उदाहरणे कोरडी. तरी व्याकरणाच्या आडव्या-उभ्या विणीसाठी अशी जुनी पुस्तके आजच्या चकचकीत अ‍ॅपपेक्षा मला भरवशाची वाटतात.

अ‍ॅपबद्दलचा आक्षेप मात्र नीट ऐकला पाहिजे: तेही ड्रिलच देते, वर हिशेब ठेवते आणि चूक झालेला शब्द नेमक्या दिवशी परत विचारते. हे खरे आहे, आणि अंतराअंतराने उजळणी करण्याचा फायदा एबिंगहाउस यांच्या 1885 च्या प्रयोगांपासून पुन्हा पुन्हा सिद्ध झालेला आहे. अडचण वेगळीच आहे. बहुतेक वेळा अ‍ॅप चार पर्यायांतून ओळखायला सांगते, आणि ओळखणे म्हणजे आठवणे नव्हे. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे देऊन दाखवले की पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरतात, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिलेले असते. याचा ड्रिलशी थेट संबंध आहे. जुन्या ध्वनिफितींत प्रश्न, रिकामी जागा, बरोबर उत्तर आणि ते पुन्हा म्हणायला जागा असा क्रम असे. त्यातली पहिली रिकामी जागा हा अभ्यासक्रमाचा प्राण आहे. ती अपुरी पडली की माणूस उत्तर ऐकून त्यामागे पुटपुटतो आणि आपल्याला येते असे समजतो. म्हणून पॉजचे बटण दाबावे, उत्तर पूर्ण वाक्यात आणि मोठ्याने द्यावे, मगच पुढचे ऐकावे. घरी शिक्षक नाही या तक्रारीवरही हाच उतारा: आधी स्वतः बोललेले उत्तर असेल तरच ध्वनिफितीतले उत्तर शिक्षकाचे काम करते.

उच्चारांसाठी मात्र यांत्रिक ड्रिलच चालते, फक्त ते कानापासून सुरू व्हावे. ‘चाक’ आणि ‘चिंच’ यांतले दोन च मराठीत वेगळे असल्याने पोलिशच्या तीन च-सदृश ध्वनींपैकी दोन आपल्याला जवळपास आयते मिळतात. तिसरा, जीभ मागे ओढून केलेला, नव्याने बसवावा लागतो. तसेच दोन श. ‘प्रोशे’ म्हणजे कृपया, आणि त्यातला श किंचित पुढे, टाळूला लावून उच्चारला की होते डुकराचे पिल्लू. जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी र-ल शिकवणाऱ्या 1991 च्या प्रयोगात लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी अनेक वेगवेगळ्या माणसांचे आवाज वापरले, आणि तो सराव न ऐकलेल्या शब्दांनाही लागू पडला. एकाच निवेदकाच्या गोड आवाजातला अभ्यासक्रम इथे उणा पडतो.

आणि जिथे ड्रिल थांबवायलाच हवे अशी जागाही पोलिशमध्ये आहे. बहुतेक क्रियापदांची जोडी असते: ‘पिसाच’ म्हणजे लिहीत असणे, ‘नापिसाच’ म्हणजे लिहून पुरे करणे. या जोड्या पाठ करायला ड्रिल उत्तम. पण ‘काल मी पत्र लिहिले’ हे सांगताना दोन्हींपैकी काहीही व्याकरणाने चालते. संध्याकाळ कशात गेली ते सांगायचे की पत्र तयार आहे हे सांगायचे, ते बोलणाराच ठरवतो, जसे ‘लिहीत बसलो’ आणि ‘लिहून टाकले’ यांतले आपण ठरवतो. उत्तरसूचीत मात्र एकच रूप छापलेले असते. हा धडा आला की ध्वनिफीत बंद करून सोप्या पोलिश गोष्टी वाचायला घ्याव्यात आणि प्रत्येक क्रियापदापाशी लेखकाने दुसरे रूप का घेतले नसेल, असे विचारत पुढे जावे.