नाण्यावरचं न कळणारं ग्रीक

रहस्यमालिकेत एखादी चिठ्ठी परक्या लिपीत दिसली की आपण चित्र थांबवतो, मोठं करून बघतो आणि अर्थ लावत बसतो. नाशिक जिल्ह्यात असं एक कोडं १९०६ साली जमिनीतून वर आलं. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी या गोदाकाठच्या गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी थोडीथोडकी नव्हती, सुमारे १३,२५० होती. एकेक नाणं शर्टाच्या बटणाहून जरा मोठं, वजनाला जेमतेम दोन ग्रॅम. एका अंगाला उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा आणि त्याच्याभोवती ग्रीक अक्षरांचं कडं. दुसऱ्या अंगाला बाण आणि वज्र, त्यांच्या कडेने ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपींतला मजकूर.

राजा कोण, हे ब्राह्मी-खरोष्ठीतून कळत होतं: क्षहरात कुळातला क्षत्रप नहपान. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं दहाव्या क्रमांकाचं लेणं त्याच्याच जावयाने, उषवदाताने कोरवून घेतलेलं. पण कड्यातला मजकूर ग्रीक म्हणून वाचायला जावं, तर त्यात एकही ग्रीक शब्द सापडत नाही.

अडचण दुहेरी होती. नाणी ठोकायचा साचा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असे. चकती थोडी सरकली की निम्मी अक्षरं बाहेर राहत. म्हणजे एका नाण्यावर मजकुराची सुरुवात, दुसऱ्यावर नुसतं शेपूट. शिवाय साचा कोरणाऱ्या कारागिराला ग्रीक येत नसावं. समोरच्या नमुन्यातला आकार तो चित्रासारखा उतरवत गेला, आणि नकलेची नक्कल होताना अक्षरं मोडत गेली.

या साठ्याचा अभ्यास रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८च्या सुमारास त्यांचा लेख आला. हजारो नाण्यांवरचे तुकडे एकमेकांशी जुळवले की कडं पुरं होतं. ते साधारण ‘रान्निओ …अहारातास नाहापानास’ असं वाचता येतं. आता मागची ब्राह्मी पाहा: ‘राञो क्षहरातस नहपानस’. राजा क्षहरात नहपानाचं, म्हणजे त्याचं नाणं. लिपी ग्रीक, भाषा प्राकृत! आपण मोबाइलवर रोमन अक्षरांत ‘मी आलो’ टाइप करतो, तसंच हे. लंडनच्या माणसाने तो निरोप इंग्रजी शब्दकोशात शोधला, तर त्याच्या हाती काय लागणार?

खरी गंमत अक्षरांच्या तडजोडीत आहे. ग्रीकमध्ये ञ नाही, म्हणून दोन ‘न’ आणि एक ‘इ’ जोडून काम भागवलं. क्षच्या जागी बहुतेक नाण्यांवर नुसती उभी रेघ दिसते, म्हणून वर ती जागा मोकळी सोडली आहे. ‘ह’साठी दोन उभ्या रेघा आणि मधली आडवी असं अक्षर येतं. ग्रीकमध्ये हा ईटा, म्हणजे दीर्घ ‘ए’. त्याच हिशेबाने वाचलं तर राजाचं नाव ‘नाएआपानास’ होतं! रोमन लिपीत मात्र त्याच अक्षराचा उच्चार ‘ह’ आहे. एका अक्षराने दोन लिप्यांची सरमिसळ उघडी पाडली.

१८३०च्या दशकात खरोष्ठी उलगडली, ती ग्रीक राजांच्या द्विभाषिक नाण्यांवरून. तिथे ग्रीक ही किल्ली होती आणि खरोष्ठी हे कुलूप. जोगलटेंभीच्या नाण्यांवर ग्रीकच कुलूप झालं.

वाचता न येणारी अक्षरं राजाने छापलीच कशाला? ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी-पुस्तिकेत एक धागा मिळतो. बॅरिगाझात, म्हणजे आजच्या भरूचमध्ये, अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांची जुनी नाणी अजून चालतात, असं तिचा अज्ञात लेखक सांगतो. बाजाराचा भरवसा ग्रीक कडं असलेल्या चांदीवर बसलेला. मग नव्या राजाने ते कडं का मोडावं? माझ्या मते ही अक्षरं वाचण्यासाठी नव्हतीच, खात्री पटवण्यासाठी होती. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ती निव्वळ नक्षी होऊन बसली.

एकाच मजकुराच्या अनेक सदोष प्रती हाती असतील, तर मूळ मजकूर परत उभा करता येतो. कारण प्रत्येक प्रतीतली चूक वेगळ्या जागी असते. आज डीएनएचा क्रमही असाच वाचतात: छोटे तुकडे वाचायचे, त्यांची टोकं एकमेकांवर बसवायची. जोगलटेंभीला हे काम चांदीने केलं. एकच सुंदर, चकचकीत नाणं मिळालं असतं, तर कडं अर्धवटच राहिलं असतं.

या साठ्यातली नऊ हजारांहून अधिक नाणी पुन्हा ठोकलेली आहेत. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपलं चिन्ह आणि नाव उमटवलं. चांदी वितळवण्याचा खर्च वाचला आणि राज्य कोणाचं, हेही गावोगाव पोचलं. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश समूळ नाहीसा केला, असं तो सांगतो. आईच्या या दाव्याला नाण्यांची साक्ष मिळाली.

म्हणून एक विनंती. नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचं मडकं लागलं, तर नाणी चिंचेने घासू नका, वाटून घेऊ नका, सोनाराकडे नेऊ नका. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मडक्यासकट, एकही नाणं न काढता कळवा. झिजलेली, वाकडी, अर्धवट छापलेली नाणी तर आधी जपा.