लायप्झिगहून : दोन गाड्यांची वाट

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यात डिसेंबरमधल्या एका तारखेभोवती लाल पेनाने चौकट आखलेली होती. कुणाचा वाढदिवस नाही, डॉक्टरची वेळ नाही. नवी गाडी त्या दिवसापर्यंत आली नाही, तर विक्रेत्याला पत्र धाडायचं, एवढाच तिचा अर्थ.

मे महिन्यात आजोबांनी गोल्फ मागवली. शोरूममध्ये उभी असलेली पसंत केली नाही. जी अजून तयारच झालेली नव्हती, ती मागवली. इथली ही जुनी रीत आहे. कंपनीच्या यादीतून इंजिन, रंग, दिवे, सीटचं कापड असं एकेक निवडत जायचं. शेवटी एक संकेतक्रमांक मिळतो, तो घेऊन विक्रेत्याकडे जायचं. तिथे किमतीवर बोलणं होतं. जर्मन माणूस घासाघीस करत नाही असा आपल्याकडे समज आहे, तो गाड्यांच्या बाबतीत तरी सोडून द्यावा. छापील किमतीत सूट मागणं इथे शिष्टसंमतच आहे.

संगणकावर ती यादी भरताना मी त्यांच्या शेजारी बसले होते. आजोबा छापखान्यात चाळीस वर्षं काम केलेले. प्रत्येक ओळ त्यांनी मुद्रितं तपासावीत तशी वाचली. काचेचं छप्पर नको. मागे सायकलींचा स्टँड लावायला हूक हवा. आजींनी एकच गोष्ट मागितली : गरम होणारी सीट. त्यांची कंबर दुखते. पण ती हवी तर स्टीअरिंगही गरम होणारंच घ्यावं लागत होतं, दोन्ही एकाच पॅकेजात. आजोबांनी पाच मिनिटं विचार केला आणि खूण केली.

मग सही. त्या कागदाचं नाव 'फेअरबिंटलिशे बेश्टेलुंग', म्हणजे बंधनकारक मागणी. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांना 'फेअरबिंटलिश' आणि 'उनफेअरबिंटलिश' ही जोडी आठवत असेल : बांधील आणि अबांधील. या व्यवहारात दोन्ही शब्द एकाच कागदावर असतात. सही केल्यावर ग्राहक जास्तीत जास्त 3 आठवडे आपल्या मागणीला बांधील असतो. तेवढ्यात विक्रेत्याने ती स्वीकारली की करार पक्का. दुकानात बसून सही केली असेल, तर घरी जाऊन मन बदलायची सोय नाही. गाडी यायची तारीख मात्र बहुतेक वेळा अबांधील असते. वाचताना हे एकतर्फी वाटतं. पण पुढचं कलम असं, की ती अबांधील तारीख उलटून 6 आठवडे झाले की ग्राहक लेखी मागणी करू शकतो, आणि ते पत्र पोचल्या क्षणापासून विक्रेता कसूरदार ठरतो. लाल चौकट त्या सहा आठवड्यांची होती. मला या देशातलं हेच फार मोलाचं वाटतं : वाट पाहायला लावतात, पण तिचा शेवट कुठे ते आधी लिहून देतात.

आजोबांना याची किंमत जास्त कळते, कारण आयुष्यातली पहिली गाडीही त्यांनी मागवूनच घेतली होती. ते पूर्व जर्मनीतले. 1970 मध्ये अठरा वर्षांचे झाल्याबरोबर त्यांनी ट्राबांटसाठी नाव नोंदवलं. गाडी मिळाली 1982 मध्ये. तेव्हा तिथे ही अगदी सामान्य गोष्ट होती. घराघरांत मूल अठराचं झालं की नोंदणी करून ठेवत. इथून तासाभरावर असलेल्या त्स्विकाऊत ही गाडी 1957 ते 1991 बनत होती. सुताच्या कचऱ्यात राळ मिसळून दाबलेल्या पत्र्यांचं अंग, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. टाकीत पेट्रोल किती आहे ते काडी बुडवून पाहायचं. रंग जो येईल तो. वापरलेली ट्राबांट नव्या ट्राबांटपेक्षा महाग विकली जाई, कारण ती आज मिळत होती.

पश्चिमेत नातेवाईक असतील तर एक वाट होती. गेनेक्स नावाच्या सरकारी संस्थेत त्यांनी पश्चिमेचे मार्क भरले, की पूर्वेतल्या भावाला गाडी चटकन मिळे. हे ऐकताना मला आमच्या घरातल्या चेतकची आठवण झाली. आकुर्डीत बनणारी स्कूटर पुण्यात राहणाऱ्याला वर्षानुवर्षं मिळत नसे, आणि परदेशातल्या कुणी परकीय चलन भरलं की रांग तुटे. दोन वेगळ्या राजवटी, पण रांगेतल्या माणसाला सांगितलेलं उत्तर तेच. मी हे सांगितलं तेव्हा आजोबा हसले नाहीत. आजींकडे बघून म्हणाले, "ऐकलंस? तिकडेही."

आताच्या प्रतीक्षेचं कारण उलटं आहे. तेव्हा निवड नव्हती म्हणून वाट पाहायची. आता निवड आहे म्हणून. आजींच्या गरम सीटसाठी वायर लागते, आणि गाडीतल्या वायरिंगचा जो जुडगा असतो तो इथे बऱ्याचदा त्या एका गाडीच्या मागणीप्रमाणेच बांधतात, बहुतेक हातांनीच. तो गोदामात साठवून ठेवता येत नाही. कारखान्यात गाड्या ज्या क्रमाने येणार त्याच क्रमाने पोचवावा लागतो. म्हणून एका टप्प्यानंतर मागणीत बदल करता येत नाही. मार्च 2022 मध्ये हे सगळ्या देशाला कळलं. असे जुडगे पश्चिम युक्रेनमधल्या स्त्रिय आणि कोलोमिया या गावांतही बांधले जात. युद्ध सुरू झालं आणि त्स्विकाऊ, वोल्फ्सबुर्ग इथलं काम खंडित झालं. लायप्झिगच्या स्वयंपाकघरात केलेली एक खूण कुणाच्या बोटांपर्यंत पोचते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

सगळेच काही अशी गाडी मागवत नाहीत. इथल्या नव्या गाड्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कंपन्यांच्या नावावर नोंदल्या जातात. तरुण मंडळी महिन्याच्या भाड्याने गाडी घेतात, किंवा विक्रेत्याने एका दिवसापुरती स्वतःच्या नावावर नोंदवून स्वस्त केलेली उचलतात. मागवलेली गाडी हे हळूहळू आजोबांच्या पिढीचं काम होत चाललं आहे, याचं मला वाईट वाटतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर निरोप आला. गाडी दुकानात न मागवता कारखान्यावरून आणायची असं त्यांनी आधीच ठरवलं होतं, आणि मलाही बरोबर नेलं. आजींच्या पिशवीत, डब्याशेजारी, टॉवेलात गुंडाळलेल्या दोन नंबरप्लेट होत्या. नोंदणी आधी होते, पाट्या आपण घेऊन जायच्या. मनासारखा नंबर हवा तर 10.20 युरो जादा. लायप्झिगचा 'एल', मग दोघांची आद्याक्षरं, आणि 82.

वोल्फ्सबुर्गचं स्टेशन आणि कारखाना यांच्यामध्ये फक्त एक कालवा आहे. पूल ओलांडला की ऑटोश्टाट, 2000 साली उघडलेलं. तिथे 48 मीटर उंचीचे काचेचे दोन मनोरे उभे आहेत, प्रत्येकात 20 मजले आणि 400 गाड्या. कारखान्यातून गाड्या भुयारातून मनोऱ्यात येतात आणि यांत्रिक हात त्यांना कप्प्यात ठेवतो. आजोबांनी मान वर करून आपली कुठली ते शोधायचा प्रयत्न केला. मग दालनात ती समोर आली, करडी, ओल्या दगडासारखी. एका मुलीने सगळी बटणं समजावून सांगितली आणि आमच्या पाट्या बसवल्या. आजोबांनी पेट्रोलचा काटा दोनदा विचारला.

परतीची वाट हमरस्ता क्रमांक 2 ने. वोल्फ्सबुर्ग जुन्या सीमेपासून जेमतेम काही किलोमीटरवर. थोड्याच वेळात मारिएनबोर्न आलं, दोन जर्मनींमधली तपासणी चौकी. आता तिचं स्मारक झालं आहे. 1982 ची ट्राबांट इथपर्यंत येऊन पुढे जाऊ शकली नसती. आजोबांनी वेग कमी केला, थांबले नाहीत. बाहेर बारीक पाऊस लागला होता. आजींनी हातमोजा काढला, सीटचं बटण शोधलं आणि दाबलं. तीन छोटे दिवे लागले.