नाण्यांच्या गोष्टी, लेखांक ६ : हिरव्या थरात अडकलेला चेहरा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या बाजारात सेस्टर्शियस हातावर पडलं, तर ते पिवळंधमक दिसायचं. ऑगस्टसने इ.स.पू. २३च्या सुमारास नाण्यांची घडी बसवली, तेव्हापासून सेस्टर्शियस आणि ड्युपाँडियस ही नाणी तांबं-जस्ताच्या पितळेची. ॲस मात्र तांब्याचं. ड्युपाँडियस आणि ॲस आकाराने जवळपास सारखे, पण पहिल्याची किंमत दुप्पट. फरक कळायचा तो रंगावरून. आज संग्रहालयात ही दोन्ही नाणी शेजारी-शेजारी पाहावीत, तर दोन्ही हिरवी! नीरोच्या काळापासून काही ड्युपाँडियसवर सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट येतो, तेवढीच काय ती सोय. त्याआधीच्या झिजलेल्या नाण्यांपुढे जाणकारही अडखळतात.

हा हिरवा रंग येतो कुठून? तांब्याला प्राणवायू लागला की धातूला चिकटून आधी लालसर थर धरतो, तो क्युप्राइटचा. त्यावर जमिनीतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड काम करतात आणि हिरवा मॅलाकाइट तयार होतो. क्वचित निळा अझुराइट. पण तो ओलाव्यात हळूहळू मॅलाकाइटमध्ये बदलतो, त्यामुळे मनासारखं निळं नाणं हाती लागलं की संग्राहक हरखतो. कथील भरपूर असलेल्या काशाच्या नाण्यावर कथलाच्या ऑक्साइडमुळे राखाडी-हिरवी, काचेसारखी गुळगुळीत तकाकी येऊ शकते.

आणि टायबर नदीच्या चिखलातली नाणी? तिथे प्राणवायूच पोचत नाही. त्यामुळे दोन हजार वर्षांनंतरही काही पितळी नाणी सोनेरीच निघतात. नवख्याला ती हमखास घासलेली वाटतात.

नाणं खरोखर घासण्याचा मोह मात्र नडतो. पुष्कळांना वाटतं, हिरवा थर म्हणजे वर बसलेला मळ; तो काढला की खाली मूळ नाणं सापडेल. पण तो थर, म्हणजे पॅटिना, नाण्याच्याच धातूतून झालेला असतो. चांगल्या पॅटिनाच्या नाण्यात सम्राटाच्या दाढीचे केस आणि अक्षरांच्या कडा त्या लाल-हिरव्या थरातच टिकून असतात. खालच्या धातूचा पृष्ठभाग कधीच खड्ड्याखड्ड्यांचा झालेला असतो. आम्लात बुडवलेलं नाणं म्हणूनच तांबूस, देवीचे व्रण पडल्यासारखं बाहेर येतं. चेहरा वाहून गेलेला असतो.

एक हिरवा मात्र खरोखर घातक. फिकट, भुकटीसारखा, नखाने सहज निघणारा. मिठाच्या जमिनीतून किंवा समुद्रकाठाहून आलेले क्लोराइड धातूपाशी दडून बसतात. दमट हवा लागली की त्यांचं रूपांतर होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं, पुन्हा क्लोराइड, पुन्हा भुकटी. याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. हा रोग जंतूंचा नाही, रसायनांचा. मुंबई-कोकणातला संग्राहक म्हणूनच पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाकतो. आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहिली तर हे चक्र बहुधा थांबतं. जाणकार संवर्धक सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात नाणं आठवडेच्या आठवडे ठेवून क्लोराइड बाहेर काढतात. उपाय चालतो, पण थराचा रंग बदलू शकतो.

रंगाला मोल आल्यावर नकली रंग येणारच. नाण्यांच्या नकला तर जुन्याच. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हानी दा कॅव्हिनोने रोमन नाण्यांच्या इतक्या देखण्या प्रतिकृती घडवल्या, की त्यांना आजही ‘पादुअन’ म्हणूनच मागणी आहे. आताचे ठग पिवळसर मातीचा थर चिकटवून नाणं वाळवंटातलं असल्याचा देखावा करतात. ॲसिटोनचा बोळा फिरवला की बऱ्याचदा ही माती सुटते. खरा क्युप्राइट अशा बोळ्याला दाद देत नाही.

घासण्याचा मोह आपल्याकडेही आहेच. आपली शिवराई तांब्याची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ही नाणी दीर्घकाळ चलनात राहून झिजलेली, त्यामुळे अक्षरं आधीच उथळ. गावातल्या पेटीतून निघालेली शिवराई घरचं कुणी चिंचेने चोळून तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखी लख्ख करून आणतं, तेव्हा ‘पति’मधली वेलांटी शोधावी लागते.